साडेसहा अंश

रात्रपाळीत सेंट्रिफ्यूज फिरत असतं
तेवढ्या अकरा मिनिटांत
मी फोनवर तीन पिनबॉल खेळते.
खेळते म्हणजे, खेळत नाही.
चेंडू वर सोडते, अंगठे काढून घेते
आणि बघते, कसा पडतो.

पहिल्यातला पडत नाही, उतरतो.
बेगडाचा असावा, आत नुसती हवा.
रबराला लागला की लाजून मागे सरतो,
फ्लिपरने टोलावला तर जातो खरा,
पण निरोप घेऊन निघालेल्या पोरासारखा, रमतगमत.
साडेतीन सेकंद.
वहीच्या मागच्या पानावर टिपून ठेवले.

दुसऱ्यातला जड. फारच जड.
तू लोखंडाचा आहेस असं कुणीतरी बजावलंय त्याला
आणि विसरू नये म्हणून तो सारखा आपटतो.
गडगडतो, पण गरगरत नाही,
फिरकी म्हणून नाही अंगात.
फ्लिपर उचलून धरला तर येऊन बसतो निमूट,
थरथर नाही, कुरकुर नाही.
इतकं शहाणं मूल मला नाही आवडत.

तिसऱ्याने मात्र दोन आठवडे फसवलं.
कडेच्या चिंचोळ्या वाटेवर यायचा,
खिळ्याच्या डोक्यावर क्षणभर अडायचा,
आत की बाहेर, आत की बाहेर,
माझा श्वास तिथेच अडायचा.
मग एका पहाटे मोजलं.
दर वेळी तोच खिळा, तेवढाच क्षण.
संकोचसुद्धा पाठ केलेला.

माझे बाबा चिंचवडला बेअरिंगच्या कारखान्यात तपासनीस होते.
खिशात बाद झालेले छर्रे घेऊन यायचे,
दोन माझ्या तळहातांवर ठेवायचे,
'डोळे मीट. सांग, खोटा कुठला?'
मी सांगायची. कशावरून, ते सांगता यायचं नाही.
हाताला कळतं,
आणि हात इंग्रजीत बोलत नाही, मराठीतही नाही.

रविवारी लँकेस्टरहून बस धरून मोरकॅमला गेले.
ओहोटी होती. समुद्र कुठेतरी कामाला गेल्यासारखा,
मागे नुसता करडा चिखल, मैलभर.
किनाऱ्यावरच्या त्या दुकानात, टेडी उचलणाऱ्या पंजांच्या मागे
एकच जुनं यंत्र उरलंय,
काचेवर पाणबुड्याचं चित्र, एक डोळा विझलेला.
ऑर्मरॉडआजोबांनी पाणसळ ठेवून दाखवली:
साडेसहा अंश, बरोब्बर.
पण उजव्या पायाखाली दुमडलेलं बिअरचं पुठ्ठं,
कारण जमीन समुद्राकडे खचते, म्हणाले,
वर्षाला थोडी थोडी,
आणि पुठ्ठंही दबतं.

पहिला चेंडू सोडला.
आवाज! आवाजाचं तर मी वहीत काहीच लिहिलं नव्हतं.
लाकडाखालून येणारी ती घरघर,
मनगटातून कोपरापर्यंत.
फिरत होता, फिरता फिरता रबराला चावत होता,
जिथे जायला हवा तिथून बोटभर बाजूला जात होता.
मी कमरेने यंत्राला एक धक्का दिला,
फोनमध्ये त्यासाठी बटण असतं.
दिवे गेले. फ्लिपर मेले.
चेंडू माझ्या डोळ्यांदेखत मधोमध खाली गेला,
सावकाश, अगदी मालकासारखा.

आजोबा हसले, खोकले, मग काच सरकवून
चेंडू काढून माझ्या हातावर ठेवला.
ऐंशी ग्रॅम. बोटं आपोआप मिटली.
केसांएवढे ओरखडे सगळीकडे,
आणि लोहचुंबक झालेला, इतकी वर्षं कॉइलांच्या संगतीत:
माझ्या ओढणीची पिन त्याला जाऊन चिकटली.
'बाद करायला हवा हा,' ते म्हणाले. 'पुढच्या आठवड्यात करीन.'
मागच्या आठवड्यातही हेच म्हणाले असणार.

मी डोळे मिटून पाहिले.
दुसरा हात रिकामा होता,
तुलनेला काहीच नव्हतं.

आज पुन्हा पाळी.
वहीत चौथा रकाना आखलाय,
सेकंद मोजायचे राहूनच गेले.
तिथे एवढंच लिहिलंय: डावीकडे ओढतो.
सेंट्रिफ्यूज थांबतंय, त्याचा आवाज उतरत उतरत
आता जवळजवळ